सातवी नदी आणि साठ फ्रेम

बसा, मुलांनो. मोबाइल खाली ठेवा. नाही ठेवत? बरं, निदान आवाज तरी बंद करा.

एका जंगलात एक साळिंदर राहत होता. जंगल कुठलं, हे विचारू नका. विचारलंत तर मला नकाशा काढावा लागेल आणि माझी चित्रकला तुम्हाला ठाऊक आहे. साळिंदराचं नाव निवृत्ती. त्याची बायको मथुरा. त्याचा एकुलता एक मित्र म्हणजे दामू करकोचा.

दामू दर वर्षी कार्तिकात यायचा. उत्तरेकडून, बर्फाचे डोंगर ओलांडून, आपल्या थव्याबरोबर. होळी झाली आणि वारं फिरलं की परत जायचा. मधले चार महिने तो तळ्याकाठी राहायचा आणि रोज दुपारी निवृत्तीच्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसायचा.

आता साळिंदर हा रात्रीचा प्राणी. दिवसा तो झोपतो. पण दामू दिवसा जागा असायचा, म्हणून निवृत्ती ते चार महिने दुपारी उठायचा. जांभया देत उठायचा, पण उठायचा. याला मैत्री म्हणतात. निदान तेव्हा म्हणायचे.

दुपारी दोघं काय करायचे? खेळायचे. निवृत्तीकडे पडद्यावर खेळायचा एक जुना डबा होता. त्यात 'दोन वल्ही' नावाचा एक खेळ होता. खेळ अगदी सोपा. एक होडी, दोन वल्हेकरी आणि सात नद्या. एकाने डावीकडून वल्हवायचं, दुसऱ्याने उजवीकडून. एक जण थांबला की होडी जागच्या जागी गोल फिरायची आणि खडकावर आपटायची. डावं वल्हं निवृत्ती पंजाने चालवायचा. उजवं दामू चोचीने.

डबा जुना होता. चित्र अडकायचं. होडी इथे असायची ती एकदम तिथे दिसायची. मग दोघं खो खो हसायचे. निवृत्तीचे काटे खुळखुळ वाजायचे. दर हिवाळ्याला ते एक नदी पार करायचे. सहा हिवाळ्यांत सहा नद्या झाल्या. आता एकच राहिली होती, सातवी.

“सातवीच्या पलीकडं काय असेल रे?” दामू दर वर्षी जाताना विचारायचा.

“रताळ्याचं शेत असेल,” निवृत्ती म्हणायचा.

“मला वाटतं, घर असेल. कुणाचं तरी.”

त्या पावसाळ्यात जुन्या डब्यात वाळवी शिरली. डब्याचा भुगा झाला. निवृत्तीने कोल्ह्याच्या दुकानातून नवा आणला. 'दोन वल्ही' त्यातही होता. हा नुसता डबा नव्हता, मुलांनो. दोन पंजांत मावेल एवढा, पण आतून अख्खा कॉम्प्युटर. चकचकीत पडदा. पाठीला पंखा. दोन्ही बाजूंचे दांडे काढून हातात घेता यायचे, म्हणजे दोघांना खेळायची उत्तम सोय. चार्जिंगला निवृत्तीने वारुळावर सोलरची पाटी बसवली आणि कार्तिकाची वाट बघत बसला.

कार्तिकात थवा आला. दामू सगळ्यांच्या मागून आला. बिळाशी पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

“निवृत्ती,” तो म्हणाला, “औंदाचं हे शेवटचं येणं.”

“का रे?”

“डावा पंख खांद्यात धरतो. डोंगरावर तीनदा बसावं लागलं. पोरं म्हणतात, बाबा, पुढच्या वर्षी मधल्या तळ्यावरच थांबा. तिथं बरं असतं म्हणे.”

  निवृत्तीने उजवा दांडा काढून दामूच्या पुढ्यात ठेवला.

“मग सातवी नदी याच हिवाळ्यात,” तो म्हणाला.

“याच हिवाळ्यात. पलीकडं काय आहे ते बघितल्याशिवाय मी काही जात नाही.”

दोघं बसले. नदी सुरू झाली. काय नदी होती! पाण्यावर लाटा, लाटांवर उन्हाची तिरीप, पाण्याखाली मासे, काठावर झाडं. दामूची चोच उघडीच राहिली. पहिलं वळण त्यांनी सुरेख घेतलं. चित्र कुठेही अडकलं नाही.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मग तात्पर्य कुठून आणलं असतं? म्हणून तिकडून हरबा मुंगूस आला.

हरबा हा सेटिंग मंडळाचा अध्यक्ष. हे मंडळ रोज सकाळी जांभळाखाली भरायचं. ज्यांच्याकडे नवा डबा आहे असे सगळे जाणकार त्यात होते.

हरबाने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं.

“आकडा नाही लावलास कोपऱ्यात?”

“कसला आकडा?” निवृत्तीने विचारलं.

“फ्रेमचा. एका सेकंदात किती चित्रं दिसतात त्याचा. आण इकडे.”

हरबाने दोन बटणं दाबली. कोपऱ्यात एक बारीक हिरवा आकडा उमटला. एक्केचाळीस.

“अरेरे,” हरबा म्हणाला.

“का? कमी आहेत?”

“साठ पाहिजेत.”

“पण बरं दिसतंय की,” दामू म्हणाला.

हरबाने दामूकडे पाहिलं. परगावच्या पाहुण्याला काय बोलायचं, म्हणून गप्प बसला. निवृत्तीला मात्र तो म्हणाला, “तू स्वतः बघ ना. अडकतंय की नाही?”

निवृत्तीने पाहिलं. आणि काय सांगू, मुलांनो, अडकायला लागलं. मघाशी ज्या नदीला तो 'वा, वा' म्हणत होता, तीच नदी आता त्याच्या डोळ्याला खुपायला लागली. आकडा होता तसाच होता. नदीही होती तशीच होती.

“दामू, आज राहू दे,” तो म्हणाला. “उद्या साठ करून ठेवतो. मग मजेत खेळू.”

“चालेल,” दामू म्हणाला. चार महिने होते.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती जांभळाखाली गेला. मंडळाने त्याचं स्वागत केलं. भागाबाई घोरपडीने त्याला जागा करून दिली. भागाबाईंकडे दोनशे चाळीस खेळ होते. त्यांतला एकही त्या खेळल्या नव्हत्या, पण सेल लागला की त्यांना राहवायचं नाही.

मंडळात खेळाविषयी फार गाढ ज्ञान होतं. एका खेळात पहिल्या गावाच्या वेशीवर एक म्हातारी बसलेली असते. ती म्हणते, “आलास बाळा? फार वाट पाहिली.” मंडळातल्या प्रत्येकाने ही म्हातारी शंभर-शंभर वेळा पाहिली होती. तिच्या पांढऱ्या बटा वाऱ्यावर नीट हलतात की नाही, ते तपासायला. हलल्या की बंद करायचं, सेटिंग बदलायचं, पुन्हा लावायचं. गावात आजवर कोणीही शिरलं नव्हतं. म्हातारी वाट बघत बसली होती.

निवृत्ती शिकत गेला. पंधरा वॉटवर ठेवलं की आकडा चव्वेचाळीस आणि बॅटरी दोन तास. पंचवीस वॉटवर त्रेपन्न, पण बॅटरी पाऊण तास. शिवाय पंखा असा घोंघावायचा की तळ्यावरचे बगळे उठून जायचे. डब्याच्या पाठीला एक बारीक भोक होतं. डबा अडकून बसला की त्यात टोकदार काहीतरी खुपसावं लागायचं. साळिंदराचा काटा त्यात अगदी बरोब्बर जायचा. हे मंडळाला कळल्यावर निवृत्तीला फार मान मिळायला लागला. येईल तो एक काटा मागून न्यायचा. पौष येईतो त्याची पाठ विरळ दिसायला लागली.

दामू रोज दुपारी यायचा. आपला दांडा पुढ्यात घेऊन बसायचा.

“अहो, भावजी आलेत,” मथुरा सांगायची.

“दोन मिनिटं,” आतून निवृत्ती म्हणायचा.

पडद्यावर लिहिलेलं असायचं : शेडर तयार होत आहेत, चार टक्के. शेडर म्हणजे काय ते निवृत्तीला ठाऊक नव्हतं. ते तयार होतात आणि तोवर थांबायचं असतं, एवढं ठाऊक होतं.

मथुरा दामूला मूठभर शेंगदाणे द्यायची. तो एकेक उचलून खायचा.

“पंखाचं कसं आहे, भावजी?”

“उन्हात बसलं की बरं वाटतं, वहिनी.”

“ह्यांना म्हणावं तुम्ही, की आता खेळू या. तुमचं ऐकतील.”

“म्हटलं काल. तो म्हणाला, शेडर झाल्यावर बोलू.”

 मथुरेने आणखी मूठभर शेंगदाणे आणून ठेवले.

आता तुम्ही म्हणाल, निवृत्ती वाईट होता. मुळीच नाही. तो हे सगळं दामूसाठीच करत होता. आपल्या मित्राची शेवटची नदी, ती काय एक्केचाळीसने पार करायची? चांगली साठने झाली पाहिजे. या विचाराने त्याचे डोळे भरून यायचे. भरल्या डोळ्यांनी तो सेटिंग बदलायचा. दुपारची झोप गेली होती, आता रात्रीचं हिंडणंही गेलं. मथुरा एकटीच कंदमुळं खणून आणायची.

माघात त्याने कठोर उपाय सुरू केले. आधी सावल्या काढल्या. सत्तेचाळीस आले. मग पाण्यावरच्या लाटा काढल्या. एक्कावन्न. उन्हाची तिरीप काढली. काठावरची निम्मी झाडं काढली, मग उरलेली निम्मी काढली. मासे काढले. सत्तावन्न आले. आता नदीतलं पाणी तेवढं काढायचं राहिलं होतं.

होळी झाली. वारं फिरलं. थव्यातल्या म्हाताऱ्या करकोच्यांनी आभाळाकडे पाहून सांगितलं, उद्या सकाळी निघायचं.

त्या सकाळी दामू निरोप घ्यायला बिळाशी आला. तेवढ्यात निवृत्ती धावत बाहेर आला. त्याचे उरलेसुरले काटे उभे राहिले होते.

“दामू! साठ झाले!”

दामूने तळ्याकडे पाहिलं. थवा अजून पाणी पीत होता. वेळ थोडा होता, पण होता.

“लाव,” तो म्हणाला.

दोघं बसले. पडद्यावर एक करडा पट्टा दिसत होता.

“नदी कुठंय?” दामूने विचारलं.

“हीच.”

“बरं,” दामू म्हणाला आणि चोचीने वल्हं धरलं.

आणि होडी निघाली, मुलांनो. लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. खडक आले, ते चुकवले. दामू हसायला लागला. त्या हिवाळ्यात तो पहिल्यांदाच हसला. निवृत्तीही हसला, पण काटे फारसे उरले नव्हते, त्यामुळे आवाज आला नाही. मधली धार आली. तीही कापली. पलीकडचा काठ धूसर दिसू लागला. काठावर काहीतरी होतं. उंच आणि पिवळसर.

“निवृत्ती, बघ! बघ, काहीतरी आहे!”

निवृत्ती बघत होता. कोपऱ्याकडे. कोपऱ्यात अठ्ठावन्न आले होते.

त्याचा पंजा थांबला. एवढंच झालं. दामूचं एकट्याचं वल्हं चालू राहिलं, होडी गोल फिरली आणि खडकावर आपटली.



“कुठं बघत होतास?” दामूने विचारलं.

“अठ्ठावन्न झाले होते.”

तळ्यावरून थव्याची पहिली हाळी आली. अजून दोन हाळ्या व्हायच्या होत्या. तिसऱ्या हाळीला उडायचं, असा करकोच्यांचा नियम आहे.

“पुन्हा लाव,” दामू म्हणाला. “होईल. आत्ता होतच आलं होतं. लाव लवकर.”

“लावतो. फक्त अठ्ठावन्न का झाले, तेवढं बघतो.”

“निवृत्ती, असू देत अठ्ठावन्न.”

“दोन मिनिटं.”

त्याने सेटिंग उघडलं. दुसरी हाळी झाली. त्याने पंखा वाढवला. तिसरी हाळी झाली. त्याने एक वॉट कमी करून पाहिला, मग पुन्हा वाढवला. मग आनंदाने मान वर करून म्हणाला, “हं, चल!”

शेजारी नुसता दांडा पडला होता.

मला इथे वाईट वाटतं, मुलांनो, सांगून टाकतो. ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी मला वाटतं, या खेपेला तो मान वर करील. तो करत नाही. दामू त्याच्या शेजारी तिसरी हाळी संपेपर्यंत उभा होता, हे मथुरेने पाहिलं. तिने ते नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

निवृत्ती पुष्कळ रडला. पंधरा दिवस त्याने डब्याला हात लावला नाही. सोळाव्या दिवशी लावला, आणि त्याला शोध लागला. कोपऱ्यातला जो आकडा होता ना, तो दाखवायलाच डब्याला मेहनत पडत होती. दोन फ्रेम तो आकडाच खात होता.

मंडळात खळबळ उडाली. निवृत्तीचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. हरबाने भाषण केलं. मात्र भागाबाईंनी एक शंका काढली. आकडा काढला की साठ येतात, हे मान्य. पण साठ आले, हे आकड्याशिवाय कळणार कसं? या प्रश्नावर मंडळ अख्खा पावसाळा बसलं. अजून बसलेलंच आहे.

पुन्हा कार्तिक आला. थवा आला. त्यात दामू नव्हता. पण दुपारी बिळाच्या तोंडाशी एक तरणी करकोची येऊन उभी राहिली.

“निवृत्तीकाका? मी यमी. दामूंची धाकटी.”

“दामू कसा आहे गं?”

“आहेत. मधल्या तळ्यावर असतात. पंख आता उचलत नाही, पण बोलणं भरपूर. तुमचीच आठवण काढतात. मला विचारून यायला सांगितलंय, सातवी नदी पार केलीत का?”

निवृत्तीने खाली पाहिलं. “नाही गं. एकट्याने होत नाही ती.”

“तेच म्हणाले बाबा. म्हणून त्यांनी मला शिकवलंय. उन्हाळाभर वेताची काडी चोचीत धरून वल्हवायला लावलं. पलीकडं काय आहे ते बघून ये म्हणाले. उंच आणि पिवळसर काहीतरी आहे, एवढं त्यांना माहीत आहे.”

निवृत्तीचं मन भरून आलं. तो लगबगीने डबा घेऊन आला. उजवा दांडा काढून त्याने यमीच्या पुढ्यात ठेवला. तिला चांगल्या जागी बसवलं.

“बस, पोरी. अगदी ऐसपैस बस. फक्त एक नवीन अपडेट आलंय. दोन मिनिटं.”

यमी बसली. ऊन झाडांच्या मागे सरकलं. पडद्यावर चार टक्के झाले.

मथुरा आतून बाहेर आली. तिने यमीकडे पाहिलं. यमीची मान थेट दामूसारखी होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या पंजातून डबा काढून घेतला.

“अगं, थांब! शेडर…”

मथुरेला सेटिंगमधलं काही कळत नव्हतं. तिला एकच बटण वाचता आलं : 'सगळं पहिल्यासारखं करा.' तिने ते दाबलं. लाटा परत आल्या. मासे आले. काठावरची झाडं एकेक करून उभी राहिली. कोपऱ्यातला आकडा गेला.

“चल गं,” मथुरा यमीच्या शेजारी बसत म्हणाली. “मला येत नाही हं. तू सांगशील तसं करते.”

तिसऱ्या प्रयत्नात त्यांना पहिलं वळण जमलं. नवव्या प्रयत्नात मधली धार. चित्र दोनदा अडकलं, तेव्हा यमी खिदळली आणि मथुरेचे काटे खुळखुळ वाजले. संध्याकाळ व्हायच्या आत होडी पलीकडच्या काठाला लागली.

“अगंबाई,” मथुरा म्हणाली.

 यमी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने पंखाने डोळे पुसले. “बाबांना सांगायला हवं,” ती म्हणाली. “अगदी असंच्या असं सांगायला हवं.”

निवृत्ती त्या दोघींच्या मागेच उभा होता. पडदा त्याला पूर्ण दिसत होता. पण तो सगळा वेळ कोपऱ्याकडे बघत होता. कोपऱ्यात आकडा नव्हता, तरी तिकडेच बघत होता.

“किती होते?” त्याने विचारलं.

“काय किती?” यमी म्हणाली.

पलीकडच्या काठावर काय होतं, ते तुम्ही मला विचारणार. विचारू नका. सातवी नदी मीही अजून पाहिलेली नाही. माझं चोपन्नवर अडलंय.

तात्पर्य : नदी काय, कोणीही पार करतं. ती किती फ्रेमने पार झाली, हे विचारणारं एक तरी शहाणं माणूस घरात असावं. नाहीतर घरच्यांना झालेला आनंद आवरणार कोण?